पत्र्याच्या शेपट्या

नातीला शाळेत घातलं त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या दिवशी नातीने दाराची कडी धरून असा सूर लावला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिचा आजोबाही शाळेत जाऊ लागला, पण त्याने कडी धरली नाही की सूर लावला नाही, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही. त्याला सगळे पेंटर म्हणत. दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या इंग्रजी पाट्या रंगवण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी आपण वाचनालयात कॅरम खेळायला जातो, असं त्याने घरात सांगून ठेवलं होतं. सून म्हणाली, बरं झालं, चार माणसांत मिसळाल. मुलगा म्हणाला, जिना बेताने चढा. बायकोनेच त्याला पाठवलं होतं. पहिल्या दिवशी तो चपला घालत होता तेव्हा ती जवळ येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "सोंगट्या नीट ओळखा."

बायकोचे डोळे त्याच वर्षी गेले. सगळे गेले नाहीत, मधलेच गेले. डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसत राहील, पण जिथे नजर लावाल तिथलं पुसलं जाईल, आणि याला चष्मा नाही. म्हणजे समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. ती हसून सांगायची की आता मला सगळ्यांचे कानच जास्त ओळखीचे झालेत, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे हे एवढ्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं. पण कागद हातात घेतला की तिचं हसू थांबायचं. अक्षरं मधोमध विरघळायची. आणि पेंटर तो कागद घडी करून खिशात ठेवायचा, कारण त्या घरात त्याच्यासाठी वाचणारं माणूस तेवढं एकच होतं. पेंटरला वाचता येत नव्हतं. हे जगात दोघांना ठाऊक होतं, एक तो आणि एक ती. अडतीस वर्षं गिऱ्हाइकाला तो एकच वाक्य सांगत आला: कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, म्हणजे चूक नको. लोकांना वाटायचं, माणूस कामाला पक्का आहे. तो कागद घरी यायचा, ती वाचून सांगायची, हा दंतवैद्य, हा विमावाला, हे गोदाम. मग तो कागदावर चौकटी आखायचा, भिंतीवर खडू लावलेल्या दोऱ्याने मोठ्या चौकटी मारायचा आणि एकेक चौकट जशीच्या तशी उतरवायचा. फूल काढावं, मोर काढावा, तशी तो अक्षरं काढायचा. त्याच्या अक्षराला गावात नाव होतं. मुलगा आता यंत्रावर स्टिकर कापून पाट्या करत असे, पण गिऱ्हाईक आलं की हटकून सांगायचा, हे यंत्र काय करणार, अक्षर बघायचं तर माझ्या वडिलांचं बघा. ते ऐकलं की पेंटर दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचा. पोराचा तो अभिमान त्याला उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा वाटायचा, हात लावला की चटका. बाकी कोणाला कळलं तर कळू दे, पण याला कळता कामा नये, एवढी एकच भीती त्याने म्हातारपणापर्यंत जपून आणली होती.

वाचनालयाच्या वर, जुने नकाशे ठेवायच्या खोलीत तो वर्ग भरे. नऊ माणसं, सगळी वय झालेली. त्यात एक लिफ्टमन होता, एक टेम्पो ड्रायव्हर होता, लाँड्रीत काम करणाऱ्या दोन जावा होत्या, ज्या घरी बोलत नसत आणि इथे एकाच बाकावर बसून एकमेकींच्या वहीत बघत. शिकवायला एक बाई यायच्या, पेंटरच्या मुलाच्या वयाच्या. त्या त्याला आजोबा म्हणत. सहा महिन्यांत मराठी अक्षरं झाली, मग इंग्रजी, लहान शब्द झाले. अक्षरं गिरवायची वेळ आली तेव्हा पेंटरचा इंग्रजी 'ए' बघून बाई चकित झाल्या. छापल्यासारखा आहे, म्हणाल्या, कुठे शिकलात? भिंती रंगवायचो, त्याने सांगितलं, हात स्थिर आहे. पाट्या रंगवायचो हे सांगायचं धाडस झालं नाही. वाचता न येणारा पाटीवाला म्हणजे पोहता न येणारा नावाडी. लोक हसतील हे ठीक, पण हसत हसत ते मुलाच्या दुकानापर्यंत जाईल.

त्या मंगळवारी बाईंनी फळ्याच्या उजव्या कडेला, वरून खाली, सात तुकडे लिहिले. पूर्ण शब्द नव्हेत, नुसते शेवट. म्हणाल्या, आज आपण शेपट्या शिकणार आहोत. इंग्रजी शब्दाला मागे शेपटी जोडली की नवा शब्द होतो. पेंटर खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात उडणारी खडूची धूळ बघत होता. त्याने फळ्याकडे मान वळवली आणि त्याच्या छातीत काहीतरी जागचं हललं, गर्दीत अचानक आपल्या लहानपणच्या घरची माणसं रांगेने उभी दिसावीत तसं. तो त्या सगळ्यांना ओळखत होता. एक ना दोन, सातही. ती त्याचीच होती. काम करता करता पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्याला दिसलं होतं की कागद कोणाचाही असो, शब्दांचे काही शेवट पुन्हा पुन्हा तेच येतात. दर वेळी चौकटी मारून तेच काढत बसायचं कशाला, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून त्याने त्यांचे छाप कापले. त्यात उजव्या अंगठ्याला जी चीर पडली तिचा वण अजून होता. गोल अक्षर कापताना मध्ये दोन बारीक पूल ठेवावे लागतात, नाहीतर चाकाचं पोट गळून पडतं. रंग मारून झाला की ते पूल ब्रशने भरून काढायचे. सात पत्रे, एका बिस्किटांच्या डब्यात. वाचता येत नसल्यामुळे त्याने त्यांना आपली नावं दिली होती. ज्यात चाक होतं ती चाकवाली. ज्याची सुरुवात दोन शिखरांनी व्हायची तो डोंगर. शेवटी दोन वळसे असलेले दोन साप, आणि तसेच साप पण आधी एक लांब पाऊल पुढे टाकलेलं, ते लंगडे साप. एक फणी, एक गळासारखा आकडा, आणि तीनच अक्षरांचा, मधोमध पेला ठेवल्यासारखा दिसणारा, तो कप. आता बाई छडी ठेवून एकेकाचं नाव सांगत होत्या. डोंगर म्हणजे 'मेंट'. चाकवाली म्हणजे 'शन'. साप म्हणजे 'नेस'. पेंटर ओठ न हलवता आतल्या आत त्यांना नावानिशी हाका मारत होता आणि ते फळ्यावरून ओ देत होते. ज्या शेजाऱ्यांना चाळीस वर्षं नुसती मान हलवून पुढे गेलो त्यांची नावं आज कळावीत, तसा त्याला आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली, की एवढी वर्षं विचारलंही नाही.

मग बाईंनी 'केअर' लिहिलं. काळजी. त्याला कप जोडला, 'केअरफुल', काळजीपूर्वक. कप पुसला आणि लंगडे साप जोडले, 'केअरलेस', बेफिकीर. शब्द तोच, शेपटी बदलली की माणूस उलटा, बाई म्हणाल्या. आणि पेंटर एकदम मोठ्याने हसला. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. त्याने ठसका लागल्याचं सोंग केलं, लाँड्रीतल्या धाकट्या जावेने पाण्याची बाटली पुढे केली, तो प्यायला, आणि पाणी पिता पिता पुन्हा हसू आल्यामुळे त्याला खरोखरच ठसका लागला. कारण त्याला ते गोदाम आठवलं होतं. शहराच्या कडेला, मोठ्या फाटकाच्या भिंतीवर पाटी हवी होती. कागदावर काय आहे ते बायकोने सांगितलं होतं: इथे बेफिकीरपणे गाडी चालवायला मनाई आहे. त्याने पहिली ओळ काढायला घेतली, 'केअर' झालं, आणि पुढे बघतो तर भिंतीवरून पाण्याचा पाइप खाली आलेला. लंगड्या सापांना चार अक्षरांची जागा लागते, पाइपपर्यंत जागा होती तीनची. पेंटरने फार विचार केला नाही. शब्दांचे हे शेवट म्हणजे पडद्याची झालर, शोभेसाठी लावतात, अशी त्याची पक्की समजूत होती. मोठी झालर बसत नसेल तर छोटी लावावी. त्याने कप लावला, पूल भरले, खाली दोन ओळी काढल्या आणि मागे सरून पाहिलं तर पाटी डौलदार दिसत होती. तिथे काळजीपूर्वक गाडी चालवायला मनाई आहे असं ती अकरा वर्षं सांगत उभी राहिली. मालक रोज तिच्याखालून गेला, कारकून गेले, पोलीस गेले. पाटी एकदा लागली की लोक ती वाचत नाहीत, ती तिथे आहे एवढंच बघतात. हे त्याला तेव्हापासून माहीत होतं, पण ते आपल्या किती पथ्यावर पडलं हे आज कळलं. आणि ती एकच पाटी थोडीच होती. जागेप्रमाणे झालर त्याने आणखी कुठेकुठे बदलली होती, देव जाणे. शहरभर आपण कोणाकोणाला उलटं करून ठेवलं असेल, या विचाराने त्याला घाबरायला हवं होतं. पण आतून उकळ्या फुटत होत्या त्या हसण्याच्या.

वर्ग सुटला तेव्हा अजून ऊन होतं. बाईंनी सांगितलं होतं की गुरुवारी येताना प्रत्येकाने शेपटीचे पाच शब्द आणायचे, जिथे सापडतील तिथून. पेंटर जिना उतरून रस्त्यावर आला आणि पाच पावलांत त्याला पाच मिळाले. रस्ता शेपट्यांनी भरला होता. औषधांच्या दुकानावर आकडा, बँकेवर चाकवाली दोनदा, शिवणयंत्रांच्या दुकानावर फणी. तो मान वर करून चालत होता, त्यामुळे फळांच्या टोपलीला त्याचा पाय लागला, एक बाई त्याच्यावर आदळली आणि, बघून चाला की बाबा, म्हणाली. तो म्हणाला, बघूनच चालतोय. पहिल्या मजल्यावर दंतवैद्याची पाटी अजून त्याच्याच हातची होती, निळ्यावर पांढरी, कडा जरा उडालेल्या. शेवटी डोंगर होता. त्याने आधीचा भाग वाचला, मग डोंगर लावला. 'ट्रीट'. 'ट्रीटमेंट'. आपण लिहिलेलं पहिल्यांदाच आपल्याशी बोललं. ती रंगवताना परांचीवर उभा राहून डाव्या हाताने खांब धरल्याचं, टर्पेंटाइनच्या वासाने डोकं हलकं झाल्याचं, आणि मुलगा, तेव्हा पाच-सहा वर्षांचा, खाली डब्यापाशी बसून पत्रे जमिनीवर मांडत असल्याचं त्याला लख्ख आठवलं. घरी आई कामात असली की पोर त्याच्याबरोबर यायचं. शाळेत जायला लागल्यावर ते प्रश्न विचारायला लागलं. एक पत्रा उचलायचं आणि विचारायचं, बाबा, हे काय? आणि पेंटरच्या हातातला ब्रश थांबायचा. काय आहे हे त्याला माहीत असतं तर ना. त्याने एक पळवाट शोधली होती. भुवया उंचावून, आपल्याला सगळं येतं पण तुझी परीक्षा घेतोय अशा चेहऱ्याने तो म्हणायचा, तूच सांग. मग पोर खटपट करायचं, एकेक अक्षर लावायचं, काहीतरी सांगायचं. बरोबर आहे का, विचारायचं. पेंटर म्हणायचा, नीट बघ, बरोबर असेल तर बरोबर. आणि ते परत बघायचं. पत्रे. डबा. दंतवैद्याच्या पाटीखाली पेंटर उभ्या जागी दचकला. मुलगा सकाळीच म्हणाला होता की दुसरं यंत्र येतंय, दुकानाची मागची खोली रिकामी करतोय, उद्या दहाला भंगारवाला येणार आहे.

म्हाताऱ्याने गुडघ्यांची पर्वा केली नाही. दुकानात शिरला तेव्हा मुलगा घामाघूम होऊन मागच्या खोलीतली अडगळ दारापाशी रचत होता आणि नात काउंटरवर बसून स्टिकरचे उरलेले तुकडे स्वतःच्या हाताला चिकटवत होती. ढिगात परांचीची फळी होती, वाळलेले ब्रश होते, दोऱ्याची फिरकी होती, आणि अगदी खाली बिस्किटांचा डबा. पेंटर वाकून तो ओढायला लागला. मुलाने वरचं सामान उचलून त्याला वाट करून दिली आणि म्हणाला, तुम्ही सांगितलं असतंत तर मीच काढून ठेवला असता. आता यंत्रात सगळी अक्षरं आहेत बाबा, पण आठवण म्हणून ठेवा. पेंटरचा जीव भांड्यात पडला. आठवण. काय सोपा शब्द दिला होता पोराने. हो, आठवण, एवढं म्हणून डबा काखेत मारून घरी जायचं, की झालं. तेवढ्यात नातीने डब्यात हात घालून एक पत्रा काढला, उजेडाकडे धरला, त्यातून डोळा लावून आजोबाकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हे काय आहे?"

तो डोंगर होता. पेंटरला ते आता येत होतं. एका शब्दात सांगता आलं असतं. पण तोंडाला तीस वर्षांची सवय, ते आपणहून म्हणालं, "तूच सांग."

मुलगा हसला. हातातली फळी खाली ठेवून तो मुलीला सांगायला लागला की आजोबांनी मलाही असंच शिकवलं. ते कधी उत्तर द्यायचे नाहीत. शाळेत मास्तर घसा फोडून सांगायचे ते सगळं विसरलो, पण त्या परांचीखाली बसून जे डोकं खाजवलं ते अजून विसरलो नाही. आणि म्हणून मीही तुला लगेच उत्तर देत नाही, तू रडलीस तरी. नातीने हे ऐकून आजोबाकडे रागाने पाहिलं. म्हणजे घरात सगळं जे अवघड चाललंय त्याचं मूळ इथे होतं तर. पेंटर डबा छातीशी धरून उभा होता. डब्याला अजून टर्पेंटाइनचा वास होता. त्याला वाटलं, आयुष्यभर ज्याची भीती बाळगली ते आज पुढे आलं, आणि आलं ते फुलांचा हार घेऊन. हा पोरगा त्याच्या पळवाटेला राजरस्ता समजून बसला होता. आता गप्प राहिलं तर ती नुसती लपवाछपवी राहणार नाही, ती चोरी होईल. दुसऱ्याची शाबासकी खिशात घातल्यासारखी. त्याने डबा काउंटरवर ठेवला.

"मला येत नव्हतं," तो म्हणाला.

मुलाला कळलं नाही. काय येत नव्हतं, त्याने विचारलं. पेंटर म्हणाला, वाचता. तेव्हाही नव्हतं येत, त्याच्या आधीही नाही, आणि नंतरही नाही. तू विचारायचास आणि मला ठाऊक नसायचं, म्हणून म्हणायचो. कॅरम वगैरे काही नाही, मी सहा महिने झाले शिकायला जातोय. यंत्र मागे घरघरत होतं आणि त्यातून कोणाच्या तरी नावाचा स्टिकर हळूहळू बाहेर येत होता. मुलगा स्टुलावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक जुनी वर्षं सरकताना पेंटरला दिसत होती: प्रगतिपुस्तकावर सही आई करायची, बाबांचे हात रंगाचे आहेत म्हणून, पत्र आलं की बाबा म्हणायचे, तुझ्या आईला वाचू दे, तिला हौस आहे, हॉटेलात बाबा म्हणायचे, तुम्ही घ्याल तेच मला. मुलाने एवढंच विचारलं की आईला माहीत होतं का. पेंटर म्हणाला, तिनेच वाचली प्रत्येक पाटी, मी फक्त काढली. नात हाताला चिकटलेला तुकडा सोलत होती. मुलगा उठला, काउंटरवरचा डोंगर उचलला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि दुखावल्यासारख्या, पण खरोखर उत्तर हवं असलेल्या आवाजात म्हणाला, "मग मला शिकवलं कोणी?"

पेंटरने त्याच्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या, त्या त्याने मुद्दाम नेल्या नाहीत. "तूच सांग," तो म्हणाला.

आधी नात हसली, कारण तिला वाटलं आपला बाप आता अडकला. मग मुलगा हसला. हसता हसता तो परत स्टुलावर बसला आणि त्याने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. मग पेंटरने त्यांना गोदामाच्या फाटकाची गोष्ट सांगितली, आणि यंत्रातला स्टिकर केव्हाच संपून कागदाचं भेंडोळं जमिनीवर लोळत गेलं तरी कोणाचं लक्ष नव्हतं. घरी गेल्यावर मुलाने आईजवळ जाऊन नुसतं म्हटलं, "तूसुद्धा?" ती त्याच्या कानाकडे बघत म्हणाली, "मला वाचायचं काम होतं, सांगायचं नव्हतं." फाटकाची गोष्ट मात्र तिला लागली. माझ्या वाचण्यात चूक नव्हती, ती तीनतीनदा म्हणाली, मी नीट सांगितलं होतं. तुम्ही शेपट्या कापत सुटलात त्याला मी काय करू. आणि मग जेवताना मध्येच तिला हसू फुटलं. अकरा वर्षं, ती म्हणाली, तिथे जपून गाडी हाकणारा प्रत्येक जण गुन्हेगार.

गुरुवारी पेंटर डबा घेऊन वर्गात गेला. मागून मुलगा आला, आईचा दंड धरून. जिन्याच्या पायऱ्या तिला कडेने दिसत होत्या, म्हणून ती कठड्याकडे तोंड करून चढली. पेंटरने बाईंना खरं ते सांगितलं, फाटकाच्या पाटीसकट, उभं राहून, सगळ्यांसमोर. मग टेम्पो ड्रायव्हरने विचारलं, फाटक कुठलं, नळाच्या पाइपवालं? तिथे मी आठ वर्षं माल टाकला, तो म्हणाला, दोनदा फाटक ठोकलं आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली. तेव्हा वाचता आलं असतं तर मालकाला पाटी दाखवली असती की बाबा, मी तर नियमाने चालवत होतो. त्यानंतर हसण्याला धरबंध राहिला नाही. बाईंनी खडू पेंटरच्या हातात दिला आणि स्वतः लिफ्टमनशेजारी बाकावर जाऊन बसल्या.

त्याने वाटीत खडूची पूड पाण्यात कालवली, स्पंज बुडवून पिळला, फळ्यावर एका हाताने पत्रा दाबून धरला आणि दुसऱ्याने स्पंज टपटप मारला. पत्रा उचलला की पांढरी शेपटी फळ्यावर अशी स्वच्छ उमटायची की लाँड्रीतली थोरली जाऊ दर वेळी 'आहा' म्हणायची. तो शब्द हाताने काढायचा आणि शेपटी त्यांना निवडायला लावायचा. कोणी विचारलं, ही लागेल का, की तो म्हणायचा, तुम्हीच सांगा. 'वॉश' ला फणी लावून 'वॉशर' झालं तेव्हा दोघी जावा एकदम म्हणाल्या, म्हणजे धुणारी, म्हणजे आम्ही, आणि धाकटीने थोरलीच्या पाठीवर थाप मारली. लिफ्टमनने हट्टाने 'वॉश' ला डोंगर लावून बघितला. फळ्यावर तो ऐसपैस बसला होता. बाईंनी मागून हळूच मान हलवली की असा शब्द नाही. पेंटर मागे सरून, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिला, पाटी पुरी झाल्यावर बघायचा तसा. "जागा आहे," तो म्हणाला, "पण तो तिथला नाही. मी जन्मभर जागा बघत आलो." आणि त्याने तो ओल्या फडक्याने पुसून टाकला. हात खडूने कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्याला वाटत होतं की हा तास संपू नये. आणि संपला तरी चालेल, कारण बाहेर अख्खा रस्ता आहे.

बायको खिडकीपाशी बसली होती. फळा तिला दिसत नव्हता, फक्त फळ्याच्या चारी कडा. पेंटर तिच्याजवळ गेला आणि एक पत्रा तिच्या हातात ठेवला. एवढ्या वर्षांत तिने या पत्र्यांना कधी हात लावला नव्हता. ते दुकानात, तेलकट, तिचं काम कागदापुरतं. तिने तो मांडीवर आडवा धरला आणि कापलेल्या जागेतून बोट फिरवलं. दोन शिखरं चढली, उतरली. मग तीन आडव्या खाचा. बोट थांबलं. खोलीतले सगळे तिच्या बोटाकडे बघत होते. त्याने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "सांगते, घाई करू नका." पुढची दोन अक्षरं तिने डोळे मिटून चाचपली, आणि 'मेंट' असं म्हणाली, अगदी पूर्वी कागद वाचून सांगायची त्या आवाजात. मग तिने एकामागून एक साती मागून घेतले. तो प्रत्येकाचं आपण ठेवलेलं नाव सांगायचा आणि ती खरं नाव सांगायची. लंगड्या सापांपाशी ती इतकी हसली की पत्रा हातातून पडला आणि खोलीभर घंटेसारखा वाजला. मधलं पुसलं गेलं होतं, पण बोटांना कडा पुरत होत्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो तिला हात धरून बाहेर नेऊ लागला. ती खाली फरशीच्या कडेवर लक्ष ठेवायची, तो वर पाट्या वाचायचा, मोठ्याने, एकेक करून, दोन्ही बाजूंच्या. कुठे अडला तर विचारायचा, अगं, हे काय असेल? आणि ती पुढे चालत राहून म्हणायची, "तुम्हीच सांगा." तो थांबायचा, आधीचं वाचायचा, शेपटी वाचायचा, जोडायचा. मग दोघं पुढच्या दुकानापाशी जायची. पावणेतीन वर्षांत त्यांचे बाजाराचे चारही रस्ते वाचून झाले आणि दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागली होती.

तो रस्ता पुरा व्हायच्या आत, पुढच्या फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता पेंटरची बायको वारली.